नॅपकिनांच्या गठ्ठ्यातलं बाळोतं

वाटणीचं बोलणं सोमवारी दुपारी करायचं असं घरात ठरलं होतं. तसं ते दर सोमवारी ठरायचं आणि दर सोमवारी कुणाचं तरी डोकं दुखायचं. या सोमवारी मात्र सगळ्यांची डोकी ठणठणीत होती. थोरल्या भावाने तर त्यासाठी नवा शर्टही चढवला होता. आणि नेमका त्याच सकाळी हॉटेलचा मॅनेजर घरच्या लाँड्रीच्या पायऱ्या चढून आला. त्याच्या हातात कागदी पिशवी होती आणि ती त्याने अंगापासून अशी लांब धरली होती, की जणू आत साप असावा.

काउंटरवर थोरली सून होती. लग्न करून ती या घरात आली ती थेट काउंटरवरच, असं ती स्वतःच म्हणायची.

"आप्पासाहेब आहेत का, मॅडम?"

"मामंजी बॉयलरपाशी आहेत. पण मला सांगितलंत तरी चालेल. नाहीतरी काय झालं ते त्यांना मीच सांगते."

मॅनेजरने पिशवीत दोन बोटं घातली आणि आतलं कापड काउंटरवर ठेवलं. "हे काय आहे?"

थोरलीने पाहिलं. चौकोनी, पांढरंशुभ्र, मऊ सुती कापड. हॉटेलच्या नॅपकिनाएवढंच. कोपऱ्यात लाल दोऱ्याने काढलेलं बदक होतं. बदकाची चोच वाकडी होती, कारण ते काढताना तिच्या धाकट्या जावेला नववा महिना लागला होता आणि मांडीवर काही टेकवायला जागाच उरली नव्हती.

"कापड आहे," थोरली म्हणाली. गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय जास्त माहिती द्यायची नाही, हे काउंटरचं शहाणपण तिच्या अंगात भिनलं होतं.

"हे बाळोतं आहे, मॅडम."

मग त्याने सगळी हकीकत सांगितली. शनिवारी हॉटेलात एका मोठ्या कंपनीचं जेवण होतं. प्रत्येक ग्लासात पंख्यासारखी घडी घालून नॅपकिन उभा केला होता. मुख्य पाहुण्यांनी आपला पंखा उलगडला, ओठ टिपले, मग कपाळ टिपलं, आणि इतका मऊ नॅपकिन आपण आजवर कुठे पाहिला नाही असं शेजारच्याला सांगितलं. शेजारी त्यांच्या पत्नी होत्या. त्यांनी चष्मा लावला. घरात नुकतंच नातवंड झालेलं, त्यामुळे त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. "अहो, तोंडावरून काढा ते," एवढंच त्या म्हणाल्या, पण माइक टेबलावरच होता.

"हसू नका, मॅडम."

"मी कुठे हसतेय?" थोरलीने पावतीपुस्तक तोंडासमोर धरलं.

"मी चार वाजता परत येतो. हे आमच्या कपड्यांत कुणी घातलं, ते मला कळायला हवं. वर मला एक नाव सांगावं लागेल. नाव मिळालं, तर मी काहीतरी सांभाळून घेईन. नाही मिळालं, तर पुढच्या वर्षीचा करार विसरा."

तो गेला. बाळोतं काउंटरवरच राहिलं. बदक वाकड्या चोचीने थोरलीकडे बघत होतं.

*

बाळोत्यांचं हे प्रकरण घरात आणलं धाकट्याने. निदान तो तसं सांगायचा. खरी गोष्ट एवढीशीच होती. त्याची लेक ढब्बू जन्मली तेव्हा सगळ्यांसारखे बाजारातले डायपर आणले. पोरीच्या मांड्या लालबुंद झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही दिवस साधं कापड वापरून बघा. बाळंतपणाआधी धाकटीने हौसेने शिवून ठेवलेली बाळोती मग कपाटातून निघाली, आणि पोरीचं अंग निवळलं.

पण धाकट्याने त्याचं तत्त्वज्ञान केलं. तो लाँड्रीचं 'बाहेरचं काम' बघायचा, म्हणजे बाहेर असायचा. जिथे जाईल तिथे तो सांगू लागला, की एक डायपर कुजायला शेकडो वर्षं लागतात, आपल्या नातवंडांना आपण काय कचऱ्याचे डोंगर देणार आहोत, सुरुवात प्रत्येकाने आपल्या घरापासून करायला हवी. लोक माना डोलवायचे. पृथ्वी त्याने वाचवायची आणि बाळोती बायकोने धुवायची, अशी कामाची न्याय्य विभागणी झाली.

आता घरात खाली तीन मशीनं. एकेकात माणूस वाकून आत शिरेल एवढी. त्यांत रोज गाड्याच्या गाड्या कपडे धुतले जात होते. पण आप्पांनी नियम घालून दिला होता. "लोकांच्या जेवणाच्या टेबलावरची कापडं जिथे धुतात, तिथे घरचं बाळोतं येणार नाही. आलं तर त्या दिवशी मी लाँड्रीला कुलूप लावून संन्यास घेईन." आप्पांचा संन्यास घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. मुलांनी परीक्षेत दिवे लावले तेव्हापासून तो उंबरठ्यावर उभा होता.

त्यामुळे खाली तीन मशीनं धडधडत असताना वर न्हाणीघरात धाकटी उकिडवी बसून बादलीत बाळोती चुबकायची. आणि थोरलीने या सगळ्यात काय केलं? काही नाही. जावेच्या बादलीवरून नजर सरकवून पुढे जायचं, याला घरात समजूतदारपणा म्हणत, आणि थोरली फार समजूतदार होती.

*

जेवणं झाल्यावर सगळे घडीच्या खोलीत जमले. कामगारांना बाहेर पाठवलं होतं. चादरी घडी करायच्या लांबलचक टेबलाच्या एका टोकाला आप्पा बसले, दुकानाचा निळा कोट अंगात तसाच. त्यांच्या बाजूला त्यांची बहीण, म्हणजे आत्या, मांडीवर ढब्बूला घेऊन. आत्याची खोली वाटणीत कुणाकडे जाणार हे अजून ठरलं नव्हतं, म्हणून आत्या सध्या दोन्ही बाजूंनी बोलत असे. टेबलाच्या मधोमध बाळोतं पसरलेलं होतं, खुनाच्या खटल्यातल्या सुऱ्यासारखं.

थोरल्याने घसा साफ केला. "मी कुणाचं नाव घेत नाही," तो म्हणाला. "पण घरात मूल एकच आहे आणि त्या मुलाची आईही एकच आहे."

"बापही एकच आहे की," आत्या म्हणाली, आणि लगेच सावरून घेतलं, "म्हणजे तुझं बरोबरच आहे म्हणा."

"मी मशीनला हात लावलेला नाही," धाकटी म्हणाली.

"मग बाळोतं काय पायांनी चालत खाली गेलं?"

धाकटीने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर थोरलीने टिपली. त्या नजरेत राग नव्हता. 'तू काळजी करू नकोस, मी काही बोलणार नाही' अशा अर्थाची ती नजर होती, आणि थोरलीला तिचा काही केल्या उलगडा होईना.

धाकट्याच्या मात्र ती नजर डोक्यावरून गेली. त्याने खुर्ची जरा मागे घेतली, म्हणजे बायकोपासून दूर. "खरं सांगू का, दादा? मी हिला पहिल्यापासून सांगतोय, हातानेच धू. हाताने धुण्यात वीज वाचते, पाणी वाचतं. पण माझं या घरात ऐकतो कोण?"

"काय म्हणालास?" धाकटी म्हणाली.

"नाही, म्हणजे तत्त्व म्हणून…"

"परत म्हण."

"अगं, चारचौघांत…"

"चारचौघांतच म्हण!" धाकटी उभी राहिली. "दिवसाची मी धुतेच, पण गेले कितीतरी दिवस रात्रीची बाळोती बादलीत भिजत घालून झोपते, आणि सकाळी उठते तर ती धुऊन, वाळवून, घड्या घालून दाराशी ठेवलेली असतात. मी तुला विचारलं होतं, तू धुतोस का म्हणून. काय म्हणाला होतास?"

धाकटा छताकडे बघू लागला. "मी नाही असं म्हणालो नव्हतो."

"तू म्हणालास, 'त्यात काय एवढं!'"

"ते मी आपलं… एकंदरीत म्हणालो होतो."

"एकंदरीत! मी माझ्या आईला फोन करून सांगितलं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं! पहाटे उठून लेकीची बाळोती धुतो आणि वर तोंडातून शब्द काढत नाही! आणि सकाळपासून मी इथे तोंड शिवून बसलेय ती कशासाठी? तुझं नाव निघू नये म्हणून! मला वाटलं, तूच चोरून मशीनला लावतोस!"

आत्याने तोंडावर हात ठेवला. थोरल्याच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू समाधान पसरलं. धाकट्या भावाचं असं काही झालं की त्याला जेवण चांगलं पचायचं.

"तू धूत नव्हतास, तर तुला काय वाटलं, कोण धुतंय?" धाकटीने विचारलं.

"मला वाटलं, वहिनी धुतात," धाकटा म्हणाला.

सगळ्या माना थोरलीकडे वळल्या.

"मी?" थोरली म्हणाली. "भावजी, मी तुमच्या भावाचे मोजेसुद्धा धूत नाही. तेही खालीच जातात. हॉटेलच्या चादरींबरोबर."

"ते वेगळं," थोरला झटकन म्हणाला.

"वेगळं कसं? ढब्बू तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे."

आतापर्यंत आप्पा एक अक्षर बोलले नव्हते. त्यांच्या गप्प बसण्याला घरात मोठा मान होता. ते गप्प बसले की आत काहीतरी फार गंभीर शिजतंय असं सगळे धरून चालत. थोरल्याने त्यांच्याकडे पाहून आवाज खाली आणला. "आप्पांना किती त्रास होत असेल याचा विचार करा जरा. ज्या माणसाने आयुष्यभर एक नियम…"

"अगं बाई!" आत्या ओरडली. ढब्बूने आत्याच्या मांडीवर आपलं मत नोंदवलं होतं.

एकच गोंधळ झाला. आत्या पोरीला हात लांब करून धरून "घ्या कुणीतरी, घ्या!" म्हणू लागली. धाकटा "अगं, तिला घे ना" म्हणाला. धाकटी "आज तू घे" म्हणाली. थोरला त्याचा नवा शर्ट सांभाळत मागे सरला. ढब्बूने सूर लावला.

आप्पा उठले. त्यांनी आत्याच्या हातातून पोरीला घेतलं आणि टेबलावर, हॉटेलच्या चादरींच्या चळतीशेजारी, उताणी निजवलं. ओलं फडकं सोडवलं, पिना काढून दातांत धरल्या. एका हाताने दोन्ही पाय घोट्यांशी धरून वर उचलले, पुसलं. मग कोटाच्या खिशात हात घालून कोरडं बाळोतं काढलं. त्याच्याही कोपऱ्यात बदक होतं. त्रिकोणी घडी, खाली सरकवलं, मधला पदर वर, उजवा, डावा, आपलं बोट आत ठेवून पिन. एकदाही थांबावं लागलं नाही की चुकलं नाही. ढब्बू गप्प झाली होती. तिने आप्पांची मिशी पकडायला हात वर केला, आणि आप्पांनी मान मागे घेतली, पण सवयीने, रोज घेत असल्यासारखी.

पलीकडे मशीनघरात तिसरं मशीन कपडे पिळून थांबलं, तेव्हा ते थांबल्याचंसुद्धा ऐकू आलं.

"दादा, तू?" आत्या आप्पांना म्हणाली.

आप्पा काहीतरी बोलले, पण तोंडात दुसरी पिन होती. ती त्यांनी काढली. "पोरगी गारठली असती," ते म्हणाले.

"आप्पा, म्हणजे रोज पहाटे…" धाकटी म्हणाली.

"बॉयलर लावायला मी उठतोच. बादलीत साबण निघत नाही. कापडात राहतो, आणि मग तो पोरीला चावतो. तुला सांगून काय उपयोग, वर गरम पाणी पुरत नाही." मग ते थोरल्याकडे वळले, कारण कुणाकडे तरी रागाने बघायला हवं होतं. "धुताना वेगळीच धुतली. मशीन नंतर उकळत्या पाण्याने धुऊन काढलं. वाळवायला तेवढी नॅपकिनांबरोबर टाकली. चार फडक्यांसाठी अख्खा ड्रायर कोण पेटवणार? गॅसचं बिल काय तुझा सासरा भरतो?"

थोरल्याच्या सासऱ्यांची लेक शेजारीच बसली होती. तिने काही मनावर घेतलं नाही. ती आप्पांच्या हातांकडे बघत होती.

"वहिनीनेही मागितलं होतं," आत्या अचानक म्हणाली. वहिनी म्हणजे आप्पांची बायको, या दोघा भावांची आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. "दोघांच्याही वेळी मागितलं होतं. तेव्हा एकच मशीन होतं. दिवसभर लोकांचे कपडे, आणि मग वर ही दोघं. थंडीत तिच्या बोटांतून रक्त यायचं. ती म्हणाली, सगळं आटोपल्यावर शेवटी लावू का. तू म्हणालास…"

"काय म्हणालो ते मला माहीत आहे."

"संन्यास घेईन म्हणालास."

"माहीत आहे म्हटलं ना."

आप्पांनी ढब्बूचा निसटलेला मोजा पायात घातला. तो घातलेलाच होता, म्हणून काढून परत घातला.

*

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कुटुंबं गोष्टीसारखी वागत नाहीत, आणि साडेतीन वाजले होते.

"झालं ते झालं," थोरला म्हणाला. "पण हे या खोलीबाहेर जाता कामा नये. हॉटेलवाले आप्पांच्या नावावर काम देतात. मालकच असं करतो म्हटल्यावर कोण विश्वास ठेवेल? त्यांना नाव हवंय ना? देऊ एक नाव. धाकट्या सूनबाईंकडून नजरचुकीने झालं, नवीन आहेत, बाळंतपणातून उठल्या आहेत. त्यांनाही पटेल."

"हे बरं आहे," आत्या म्हणाली. तिची खोली थोरल्याकडे जाण्याची चिन्हं दिसत होती.

धाकट्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला. "अगं, तुला काय फरक पडतो?" तो म्हणाला. "ते लोक तुला ओळखतसुद्धा नाहीत. घरासाठी एवढं करायचं."

गेल्या कित्येक सोमवारांत दोन्ही भावांचं एकमत झालं असेल तर ते इथे. थोरलीने आप्पांकडे पाहिलं. ते आता बोलतील, असं तिला अगदी नक्की वाटलं. आप्पा कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिले. पोरीची बाळोती धुवायला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त हिंमत 'मी धुतली' म्हणायला लागत असावी, आणि ती त्यांच्या कोटाच्या खिशात नव्हती.

"सांगा माझंच नाव," धाकटी म्हणाली. तिने ढब्बूला उचललं. "नाहीतरी सकाळपासून सगळ्यांनी ते पाठच केलंय." आणि ती जिना चढून वर गेली.

थोरला बायकोला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "चार वाजता तू काही बोलू नकोस. नॅपकिनांचे गठ्ठे तू बांधतेस. कुणाच्या लक्षात यायच्या आत मिटू दे. आणि हॉटेलचं काम आपल्याच वाट्याला येणार आहे, हे विसरू नकोस."

थोरलीच्या ते लक्षात होतंच. सकाळी बदक पाहिलं तेव्हाच तिला तो गठ्ठा आठवला होता. गठ्ठा बांधताना तिने कडा जुळवल्या होत्या, पण घडी उघडून पाहिली नव्हती. धाकटीचं नाव पुढे झालं की तिचं नाव मागे राहणार होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

*

मॅनेजर ठरल्या वेळी आला. काउंटरपलीकडे थोरला त्याच्या नव्या शर्टात उभा होता. मागे बाकावर आप्पा, आणि दाराशी धाकटा, म्हणजे वेळ पडली तर बाहेरचं काम बघायला मोकळा.

"फार लाजिरवाणी गोष्ट झाली," थोरल्याने सुरुवात केली. "आम्ही चौकशी केली. आमच्या घरी लहान मूल आहे, आणि आमच्या धाकट्या सूनबाई जरा…"

"बाळोतं सासऱ्यांनी धुतलं," थोरली म्हणाली.

थोरल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"धाकटीने मशीनला हात लावलेला नाही," थोरली पुढे म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा येतोय याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. "मामंजी रोज पहाटे नातीची बाळोती धुतात. ड्रायरमध्ये एक तुमच्या नॅपकिनांत अडकलं. ते माझ्या नजरेतून सुटलं. गठ्ठे मी बांधते. तुम्हाला एक नाव हवं होतं, ही दोन झाली."

मॅनेजरने आप्पांकडे पाहिलं. त्याची बहुधा अशी अपेक्षा होती, की म्हातारा आता खाली मान घालेल. आप्पा बाकावरून उठले, काउंटरशी आले आणि बाळोतं हातात घेऊन त्याच्या नाकासमोर धरलं.

"मीच धुतलं. स्वच्छ होतं की नाही?"

"स्वच्छतेबद्दल तक्रार नाही, आप्पासाहेब, पण…"

"डाग होता? वास होता?"

"नाही. पाहुण्यांनी तर कौतुक केलं."

"मग!" आप्पा म्हणाले, आणि बरेच दिवसांनी ताठ उभे राहिले.

मॅनेजरने कपाळ पुसलं, मात्र स्वतःच्या रुमालाने. "तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण माझी पंचाईत झाली. सूनबाईंचं नाव असतं, तर त्यांना कामावरून काढलं असं वर सांगता आलं असतं. मालकाला कामावरून कसं काढणार?"

या प्रश्नाचं उत्तर मग त्यानेच दिलं. टेबलांची कापडं आणि नॅपकिन पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे जातील. चादरीही. स्वयंपाकघरातली फडकी आणि आचाऱ्यांचे ॲप्रन तेवढे राहतील, कारण ती तेलकट फडकी घ्यायला शहरात दुसरं कुणी तयार नव्हतं.

तो गेल्यावर थोरला बायकोकडे वळला. "तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?"

"गठ्ठ्यांचं मी सांगितलं, तुमच्या मोज्यांचं सांगायचं राहून गेलं," थोरली म्हणाली. "परत बोलवू का त्यांना?"

थोरला घडीच्या खोलीत निघून गेला. वाटणीचं बोलणं पुढच्या सोमवारी करायचं असं त्याने जाता जाता सांगितलं. त्याचं डोकं दुखत होतं.

*

थोरली वर गेली. न्हाणीघराचं दार उघडं होतं. धाकटी बादलीपुढे उकिडवी बसली होती, ढब्बू मागे चटईवर हातपाय झाडत होती. धाकटीने वर पाहिलं. तिचे डोळे सुजले होते.

"कशाला सांगितलंत, ताई? मी ऐकलं सगळं जिन्यातून. एवढं मोठं काम गेलं."

"गेलं. पुढच्या महिन्यापासून तिसरं मशीन माशा मारणार." थोरली दारात उभी राहिली. धाकटीच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलवटली होती, अंगठ्याला चीर गेली होती. ती चीर काही आजची नव्हती. थोरलीने ती याआधीही पाहिली होती, अगदी व्यवस्थित, समजूतदारपणे.

"मी तुला आधीच विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "ऊठ."

"एवढं पिळून घेते."

"ऊठ म्हटलं ना. हात पूस." धाकटी उठली आणि बादलीच्या कडीला हात घालायला वाकली. "तू नको," थोरली म्हणाली, आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "भावजी!"

धाकटा फोन कानाला लावून आला. बादली पाहून त्याने फोन खिशात ठेवला, मग परत काढला.

"ही खाली न्या," थोरली म्हणाली.

"मी? म्हणजे, न्यायला काहीच हरकत नाही, पण मागच्या दाराने…"

"मागचं दार बंद आहे," थोरली म्हणाली. ते सताड उघडं होतं.

मग धाकट्याने बादली उचलली. एका हाताने कडी धरून, दुसरा हात हवेत, मान एका बाजूला. काउंटरवर संध्याकाळची गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतल्या एकाला त्याने गेल्याच आठवड्यात डायपर कुजायला किती वर्षं लागतात ते समजावलं होतं. त्या गृहस्थाने बादलीकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं आणि मान आदराने डोलवली. मागून थोरली, तिच्यामागे ढब्बूला घेऊन धाकटी, अशी ती वरात दुकानातून मशीनघरात गेली. कामगार हातातलं काम टाकून बघायला लागले. आत्या घडीच्या खोलीच्या दाराशी आली आणि कुणाच्या बाजूने बोलावं ते न कळून गप्प राहिली.

तिसऱ्या मशीनपाशी आप्पा उभे होते. त्यांचा हात मशीनच्या दारावर होता, आणि क्षणभर थोरलीला वाटलं, म्हातारा आता संन्यासाचं काढणार. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग धाकटीच्या हातांकडे. मग ते बाजूला झाले आणि त्यांनी दार उघडलं.

धाकट्याने बादली खाली ठेवली. कामगारांनी, बायकोने, वहिनीने आपल्याकडे पाहावं आणि काहीतरी सांगावं म्हणून तो थांबला. धाकटी भिंतीला टेकून, लेकीला खांद्यावर घेऊन निवांत उभी होती.

"आप्पा," शेवटी तो म्हणाला, "यात आधी काय करायचं?"

"आधी बाह्या वर कर," आप्पा म्हणाले.